चारशे मायक्रॉन

प्रेमला चाबुकस्वार डॉक्टर जोगदेवांच्या दवाखान्यात लागली ती १९८९ साली, बाविसाव्या वर्षी. वडील मच्छिंद्र खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते. पोरीने डॉक्टर व्हावं ही त्यांची मनापासूनची इच्छा. बारावीला मार्क कमी पडले, तेव्हा डोळे तपासण्याचा दोन वर्षांचा कोर्स तिनेच शोधून काढला. वडिलांनी एवढंच विचारलं, "पांढरा कोट असतो ना? मग झालं."

दवाखाना सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. खाली स्पर्धा परीक्षांचे क्लास असल्यामुळे चपलांच्या ढिगातून वाट काढत जिना चढावा लागे. सुरुवातीला काही पेशंट तिचं आडनाव विचारून घेत आणि मग खुर्चीत बसत. पाचसात वर्षांनी हेच लोक फोन करून विचारू लागले, "चाबुकस्वार बाई आहेत ना आज? मग येतो." तिने काढलेला चष्म्याचा नंबर सहसा चुकत नसे. एक चांगलं दिसतंय की दोन, हे ती अशा बेताने विचारायची की घाबरट माणूसही घाई न करता उत्तर द्यायचा.

बघता बघता खुर्चीत बसणारी माणसं बदलली. आधी मोतीबिंदूची म्हातारी माणसं आणि बँकेतले कारकून असत. हिंजवडी, खराडी वसल्यावर पोरंपोरी येऊ लागली. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय, चष्मा नको, लग्न ठरतंय, लेसर किती दिवसांत होईल, असं सगळं एका दमात सांगणारी. त्यांच्यात अधूनमधून एखादं पोर असं निघे, की त्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलायचा आणि चष्मा लावूनही अक्षरांना शेपट्या फुटलेल्या दिसायच्या. या आजाराला केराटोकोनस म्हणतात. बुबुळावरचा काचेसारखा पडदा हळूहळू पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. असल्या डोळ्यावर लेसर करता येत नाही. त्यावर त्या काळात एकच उतारा होता, छोटी कडक कॉन्टॅक्ट लेन्स. ती लावली की दिसायला लागतं. पण लेन्सखालचा पडदा पातळ व्हायचा थांबत नाही.

२००७ साली डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. परदेशातल्या एका कंपनीची ट्रायल दवाखान्याला मिळाली होती. नवा उपचार होता: बुबुळावर पिवळ्या जीवनसत्त्वाचे थेंब घालायचे, वरून अतिनील किरण सोडायचे, की पडदा घट्ट होतो आणि पातळ व्हायचा थांबतो. निदान थांबावा, असा अंदाज होता. तो खरा की खोटा हे पाहण्यासाठी पेशंटांचे दोन गट करायचे. अ गटाला किरणांचा उपचार, ब गटाला एक वर्ष नुसती लेन्स. वर्ष संपलं की ब गटालाही उपचार. दर तीन महिन्यांनी मापं घ्यायची.

"मापं तुम्हीच घ्यायची प्रेमलाताई, आणि कागदपत्रंही तुम्हीच सांभाळायची," डॉक्टर म्हणाले. "हात तुमच्याइतका स्थिर इथे कुणाचा नाही. माझाही नाही."

तिला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला मुंबईला पाठवलं. परत आली ती सर्टिफिकेट घेऊनच. मच्छिंद्ररावांनी भिंग लावून ते दोनदा वाचलं. कुणाला कुठल्या गटात घालायचं ते डॉक्टरांच्या हातात नाही आणि तिच्याही हातात नाही, ही तिथे शिकवलेली पहिली गोष्ट. पेशंटची आद्याक्षरं आणि जन्मतारीख कंपनीच्या वेबसाइटवर टाकायची, बटण दाबायचं, आणि कॉम्प्युटर अ किंवा ब सांगेल ते मान्य करायचं. माणूस निवडायला बसला की त्याचा जीव कुणाकडे तरी झुकतो, आणि मग ट्रायलला काही अर्थ उरत नाही. प्रेमलाला हे पटलं होतं. पुढेही ते पटलेलंच राहिलं, हीच तिची अडचण झाली.

चैताली पोकळे जूनमध्ये आली. धायरीची, एकोणीस वर्षांची, वडगावच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिलेली. बरोबर वडील हिंदुराव. त्यांची जमीन सोसायट्यांखाली गेली होती. उरलेल्या तुकड्यात ते अजून मेथी-कोथिंबीर काढत आणि मुलीला रोज कॉलेजच्या दारापर्यंत सोडत, कारण तिला बसचा नंबर वाचता येत नव्हता. चैतालीचा उजवा डोळा जास्त बिघडलेला, डावा जरा बरा. ट्रायलमध्ये घ्यायचा होता तो उजवा.

संमतीपत्र अठरा पानांचं होतं. मराठीतच होतं, पण कुणी बोलत नाही असल्या मराठीत. प्रेमलाने ते बाजूला ठेवलं आणि आपल्या शब्दांत सगळं सांगितलं. हिंदुरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी ताई, यातलं कुठलं चांगलं हाय, ते तुमालाबी म्हाईत न्हाय?"

"नाही. तेच शोधायचं आहे."

"आन् डाक्टरास्नी?"

"त्यांनाही नाही. वाटतं तसं, पण वाटणं आणि माहीत असणं वेगळं."

हिंदुरावांनी मुलीकडे पाहिलं. चैताली म्हणाली, "बाबा, वर्षाने का होईना, उपचार दोघांनाही देणार आहेत. तोपर्यंत लेन्स तर मिळेल." मग प्रेमलाकडे वळून म्हणाली, "मधेच सोडायचं म्हटलं तर?"

"केव्हाही सोडता येतं. कारणही सांगावं लागत नाही."

सही चैतालीनेच केली. ती सज्ञान होती, वडिलांची सही लागत नव्हती. तरी हिंदुरावांनी विचारलं, "मी कुठं करू?" प्रेमलाने साक्षीदाराची जागा दाखवली.

मग मापं झाली. बुबुळाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. चांगल्या डोळ्याची सव्वापाचशे-साडेपाचशेच्या आसपास असते. किरणांच्या उपचाराला ती कमीत कमी चारशे लागे. त्याहून पातळ असेल तर किरण आरपार जाऊन आतल्या थराला इजा करतात, आणि तो थर एकदा गेला की पुन्हा येत नाही. चारशे मायक्रॉन म्हणजे फार तर पाच केस एकावर एक ठेवावेत एवढं. चैतालीच्या उजव्या डोळ्याची जाडी चारशे छत्तीस भरली.

प्रेमलाने आद्याक्षरं टाकली, जन्मतारीख टाकली. ब्रॉडबँड मधेच गेलं, पुन्हा आलं. चैताली तिच्या खांद्याशी वाकून उभी होती. तिला स्क्रीन दिसत नव्हता, तरी.

"काय आलं?"

"ब."

"म्हणजे लेन्स," चैताली म्हणाली. "ठीक आहे."

आठवड्याने लेन्स तयार होऊन आली. डोळ्यात घातली तेव्हा पाणी वाहिलं, नाकसुद्धा वाहिलं. अर्ध्या तासाने डोळा निवला. चैताली खिडकीशी गेली आणि समोरच्या इमारतीवरच्या पाटीवरचे फोन नंबर वाचू लागली. एक पाटी संपली की दुसरी. हिंदुराव मागे उभे राहून प्रत्येक आकडा स्वतः ताडून बघत होते आणि मान डोलवत होते. त्याच दिवशी अ गटातला एक मुलगा उपचार होऊन पडला होता. थेंब आत मुरावेत म्हणून बुबुळावरची पातळ साल आधी खरवडतात, त्यामुळे तो डोळ्यावर हात दाबून कण्हत होता आणि महिनाभर त्याला धूसरच दिसणार होतं. ब गट मिळाला हे पोरीचं नशीब, असं प्रेमलाला त्या दिवशी खरोखर वाटलं.

पुढचे तीन महिने छान गेले. चैताली एकटी बसने यायला लागली. तपासणी झाल्यावर ती प्रेमलाच्या टेबलाशी बसून आपला डबा खायची आणि कॉम्प्युटरवर पेशंटची यादी कशी लावायची ते तिला शिकवायची. प्रेमलाची आम्रपाली तेव्हा दहावीत होती. चैतालीने तिला गणिताची आपली जुनी वही पाठवली.

या तपासणीत एक त्रास होता. कडक लेन्स बुबुळाचा आकार तात्पुरता दाबून ठेवते. म्हणून खरं माप घ्यायचं तर आधी पंधरा दिवस लेन्स काढून ठेवावी लागे. म्हणजे दर तीन महिन्यांनी पंधरा दिवस चैताली पुन्हा आंधळी-पांगळी. सप्टेंबरात तिने ते निभावलं. डिसेंबरातही निभावलं.

डिसेंबरातलं माप घेताना प्रेमलाचा हात थांबला. जाडी चारशे एकवीस. तिने पुन्हा घेतली: चारशे सोळा. तिसऱ्यांदा चारशे तेवीस. नियमाप्रमाणे तिची सरासरी लिहायची. शंकूच्या उंचवट्याचा आकडाही वाढला होता, शून्य दशांश नऊने. नियम असा होता की उंचवटा पूर्ण एकने वाढला, तर ब गटातल्या पेशंटलाही वर्षाची वाट न पाहता उपचार देता येईल. एकला दशांश एक कमी पडत होता.

ती कागद घेऊन डॉक्टरांकडे गेली.

"पाहिलं मी," डॉक्टर म्हणाले. "यंत्राचीच चूक तेवढी असते हो. पुढच्या वेळी एकच्या वर गेलं तर लगेच करू."

"सर, तीन महिन्यांत आणखी उतरलं तर?"

"उतरेलच असं नाही. आणि आपल्या मनाने करायला लागलो तर मग ट्रायल कशाला म्हणायचं?" ते चिडले नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मलाही बरं वाटत नाहीये, प्रेमलाताई. पण दशांश नऊ म्हणजे एक नव्हे."

चैतालीला डॉक्टरांनी सांगितलं, थोडा फरक आहे, लक्ष ठेवू. ते खरंच होतं. आकडे पेशंटला डॉक्टरांनीच सांगायचे, मापं घेणाऱ्याने नाही, हाही नियमच. जिन्यापर्यंत प्रेमला चैतालीबरोबर गेली. ट्रायल सोड, मद्रासला जा, तिथे हा उपचार पैसे भरून मिळतो, हे वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. पण नसेल तशी गरज तर? फुकट होणारा उपचार सोडून एवढ्या लांब जाऊन काही बिघडलं तर? नंबर सांगणाऱ्या बाईने डॉक्टरकी केली, असं झालं असतं. "डोळे चोळू नकोस," ती एवढंच म्हणाली.

"नाही चोळत," चैताली म्हणाली आणि चपलांतून आपली जोडी पायाने चाचपून शोधू लागली.

मार्चमध्ये नवव्या महिन्याची तपासणी होती. तारखेच्या तीन आठवडे आधी चैतालीचा फोन आला.

"ताई, कॅम्पस सुरू होतोय. मोठ्या दोन कंपन्या येताहेत. आधी कॉम्प्युटरवर परीक्षा, मग ग्रुप डिस्कशन, मग इंटरव्ह्यू. नक्की तारीख सांगत नाहीत, आदल्या दिवशी कळवतात. मी पंधरा दिवस लेन्स काढली तर मला समोरच्याचं तोंडसुद्धा दिसणार नाही."

"डावा डोळा?"

"डाव्याने स्क्रीन वाचता येत नाही हो. वाचता येतं, पण वेळ लागतो. तिथे मिनिटं मोजतात."

ट्रायलमध्ये प्रत्येक तपासणीला पुढेमागे चौदा दिवसांची सूट असे. प्रेमलाने कॅलेंडर पुढे ओढलं. सूट धरूनही जमत नव्हतं. त्यानंतर तोंडी परीक्षा, मग लेखी परीक्षा, थेट जूनपर्यंत. तिने डॉक्टरांना विचारलं. ते परिषदेला निघाले होते, बॅग भरत होते. "कळतंय तिचं. तसं फॉर्मवर लिहा, कारण टाका. बाराव्या महिन्याला नक्की यायला सांगा."

प्रेमलाने फोन उचलला. पोरीला म्हणावं, नोकऱ्या पुन्हा येतील, तू ये. तिला आपली बारावी आठवली, थोडक्यात हुकलेले मार्क. कुणाला सांगायचं की संधी सोड, आणि कशाच्या जोरावर, तर दशांश नऊच्या?

"बरं," ती म्हणाली. "परीक्षा झाली की दुसऱ्या दिवसापासून लेन्स बंद. शब्द दे."

"दिला," चैताली म्हणाली.

फॉर्मवर प्रेमलाने लिहिलं: नवव्या महिन्याची तपासणी झाली नाही, कारण शैक्षणिक. खाली आपली सही केली.

चैतालीला नोकरी लागली. पेढे घेऊन हिंदुराव स्वतः आले. दवाखान्यात शेवटच्या माणसापर्यंत पेढा पोचला की नाही हे बघूनच ते निघाले. "पोरगी म्हनली, पयला चाबुकस्वार ताईंना," असं दोनदा सांगून गेले.

जूनमध्ये चैताली आली. दिलेल्या शब्दाप्रमाणे लेन्स सोळा दिवस बंद होती. जिन्यात वडिलांचा दंड धरून चढली. वर्ष भरलं होतं, त्यामुळे आता दशांशाचा प्रश्नच नव्हता. माप घ्यायचं, आणि पुढच्या आठवड्यात उपचार.

प्रेमलाने डोळा बधिर करायचा थेंब टाकला, यंत्राचं टोक टेकवलं.

तीनशे अठ्ठ्याऐंशी.

तिने यंत्र पुसलं, पुन्हा टेकवलं. तीनशे एक्क्याण्णव. तीनशे शहाऐंशी. जागा जरा बदलून बघितली. सर्वांत पातळ जागाच मोजायची असते, हे ती पंधरा वर्षं नव्या पोरींना शिकवत आली होती, आणि आज तिलाच ती जागा टाळावीशी वाटत होती. सात वेळा माप घेतलं. एकदा तीनशे सत्त्याण्णव आलं. चारशे एकदाही आलं नाही.

"ताई, एवढा वेळ?" चैताली खुर्चीतून म्हणाली.

"झालंच."

चारशे तीन लिहायला कितीसा वेळ लागणार होता? कुणी पुन्हा मोजलं नसतं. तिचं माप डॉक्टरही तपासत नसत. आणि मग त्या पातळ पडद्यावर किरण सोडले गेले असते, आतला थर जळाला असता, बुबुळ पांढरं झालं असतं. खोटं बोलूनही पोरीचं भलं होण्यासारखं नव्हतं. तिने तीनशे अठ्ठ्याऐंशी लिहिलं आणि कागद घेऊन केबिनमध्ये गेली. डॉक्टरांनी आकडा पाहिला. मग स्वतः उठून बाहेर आले, पुन्हा मोजलं. त्यांचंही तीनशे नव्वदच्या आतच आलं.

दोघा बापलेकींना त्यांनी समोर बसवून सांगितलं. काही लपवलं नाही, काही घोळवलंही नाही. या डोळ्याला आता तो उपचार करता येत नाही. डाव्याला करता येईल. तो ट्रायलबाहेर, पण त्याचं आपण बघू. उजव्याला सध्या लेन्स, पुढे लेन्स बसेनाशी झाली तर बुबुळ बदलायचं.

"येका वर्सात येवढं?" हिंदुराव म्हणाले.

"काहींचं होतं."

"मंग वर्सापूर्वी व्हतं न्हवं, चारशेच्या वर? तवाच का न्हाय केलं?"

डॉक्टरांनी अ आणि ब परत समजावून सांगितलं. हिंदुरावांनी ऐकलं. आवाज चढवला असता तर प्रेमलाला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "व्हय, सांगितलं व्हतं. सही बी हाय माजी."

डॉक्टरांनी कंपनीला लिहिलं. या पेशंटसाठी काही वेगळं करता येईल का? चार दिवसांनी उत्तर आलं: खेद आहे, पण चारशेखाली उपचार सुरक्षित असल्याचा पुरावा नाही, पेशंटला उपचारासाठी घेता येणार नाही. तिथेही कुणी चुकीचं बोलत नव्हतं. प्रेमलाने ते पत्र चैतालीच्या फाइलला लावलं.

डाव्या डोळ्याला उपचार झाला, आणि तो टिकला. ब गटातल्या बाकी साऱ्यांना उपचार मिळाला. एकटी चैताली राहिली. पावसाळ्यानंतर कंपनीचा तपासनीस आला. दोन दिवस बसून त्याने एकेक कागद बघितला, आणि जाताना म्हणाला की भारतातल्या सगळ्या केंद्रांत इतकं स्वच्छ रेकॉर्ड त्याने पाहिलेलं नाही. एकही माप खाडाखोड केलेलं नाही. प्रेमलाने त्याला चहा दिला.

पुढच्या वर्षी निकाल आला. उपचार गुणकारी ठरला. अ गटाचे डोळे होते तिथे थांबले, काहींचे जरा सुधारले. ब गटाचे सरासरीने बिघडले. डॉक्टरांनी सगळ्यांना एकत्र बोलावून बुबुळाच्या उंचवट्याचा आलेख दाखवला. अ गटाची रेघ सपाट, ब गटाची वर चढत गेलेली. प्रेमला त्या चढणाऱ्या रेघेकडे पाहत होती. त्या रेघेत चैताली होती. तिचा डोळा बिघडला म्हणून तर रेघ चढली, आणि रेघ चढली म्हणूनच जगाला कळलं की उपचार लागू पडतो. आता नव्या येणाऱ्या पोरांना कुणी अ-ब म्हणणार नव्हतं, सरळ उपचार मिळणार होता. हे चांगलंच झालं होतं. मनात चांगलं-वाईट अशा दोन वह्या करून ती चैतालीला कुठल्या वहीत घालावं ते ठरवू बघायची, आणि तिला ते जमत नसे.

शेवटचं वर्ष संपवून चैताली हिंजवडीला कामाला लागली. दहा-दहा तास स्क्रीन आणि ए.सी.ची कोरडी हवा. वर्षाच्या आत उजव्या डोळ्यात लेन्स चारपाच तासांहून जास्त राहीना. मग दोन तासही राहीना. शंकूच्या टोकावर ओरखडा उठून तिथे पांढरा डाग पडला. ती एका डोळ्यावर काम करू लागली आणि टीम लीडरला सांगायची टाळू लागली. बुबुळासाठी तिचं नाव एका मोठ्या रुग्णालयाच्या यादीत घातलं.

एके दिवशी सकाळी हिंदुराव एकटेच आले. पेशंटांच्या रांगेत बसले, नंबर आल्यावर आत आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, "माजा डोळा तपासा."

प्रेमलाने तपासला. वाचायचा चष्मा सोडला तर साठीच्या माणसाचा इतका निरोगी डोळा क्वचित बघायला मिळतो. तिने तसं सांगितलं.

"मंग ह्यो घ्या," ते म्हणाले. "मला येकावर भागतंय. मेथीच काढायची हाय."

तिला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं.

"जिवंत माणसाचा घेत नाहीत, दादा."

"मी लिवून देतो की. तवाबी दिलं व्हतं लिवून."

"कायद्याने चालत नाही. तुम्ही लिहून दिलं तरी."

बाहेर पेशंट वाट बघत होते. "मंग लिवून घेता तरी कशाला आमच्याकडनं?" असं म्हणून ते उठले. नेत्रदानाचा फॉर्म त्यांनी मागितला, तिथेच उभ्याने भरला, घडी न घालता तिच्या हातात दिला आणि निघून गेले.

बुबुळ २०१० च्या हिवाळ्यात मिळालं. ऑपरेशन मोठ्या रुग्णालयात झालं. नवं बुबुळ धरलं, पण टाके वर्षभर डोळ्यातच राहणार होते आणि थेंब बहुधा आयुष्यभर. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळा लाल झाला तर तासाभरात डॉक्टरांकडे. चैताली एका संध्याकाळी ऑफिसच्या गाडीतून उतरून दवाखान्यात आली, प्रेमला निघायच्या बेतात असताना. डोळ्यावर काळा चष्मा होता. दोघी रिकाम्या बाकावर बसल्या.

"काय म्हणतोय डोळा?" प्रेमलाने विचारलं.

"दिसतं. पाण्यातून दिसावं तसं. सुधारेल म्हणतात." मग ती थेट म्हणाली, "ताई, एक विचारू? डिसेंबरात माझं माप घेतलंत, तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?"

"माहीत नव्हतं. भीती वाटली होती."

"मग मला का नाही सांगितलंत?"

प्रेमलाने हा प्रश्न दोन-अडीच वर्षं स्वतःला विचारला होता. "आकडे सांगायची मला मुभा नव्हती. आणि माझी खात्रीही नव्हती. खात्री असती तर मुभेचं काही वाटलं नसतं, असं मी स्वतःला सांगते. खरं काय ते मलाही कळत नाही."

चैतालीने चष्मा काढून डोळ्यात थेंब टाकले. हात सरावलेला होता. "तुम्ही सांगितलं असतंत तरी मी मार्चमध्ये आले नसते बहुतेक," ती म्हणाली. "इंटरव्ह्यू होता."

"तू ते ठरवलं असतंस."

"हो," चैताली म्हणाली. "तेवढं राहिलं."

राग नव्हता तिच्या बोलण्यात. निदान प्रेमलाला तरी जाणवला नाही. आम्रपाली काय करते, कुठल्या ब्रँचला गेली, हे तिने आवर्जून विचारलं. मग खाली गाडीचा हॉर्न वाजला आणि ती कठड्याला धरत उतरली. त्यानंतर तिला हैदराबादला बदली मिळाली. नंबर बदलला. हिंदुरावांनी एकदा फोनवर सांगितलं की बरी हाय. दिवाळीच्या आसपास प्रेमलाने पुन्हा फोन लावला तर तो लागला नाही.

दवाखान्याला दुसरी ट्रायल मिळाली. लहान मुलांचा चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून रात्री घालायच्या लेन्सची, साध्या चष्म्याशी तुलना. प्रेमला पालकांना समजावून सांगायला बसली, आणि संमतीपत्रात नसलेली वाक्यं तिच्या तोंडून जाऊ लागली. मधे काही वाटलं तर मला विचारत बसू नका, सरळ दुसऱ्या डॉक्टरकडे जा. आकडे मागून घ्या, दर वेळी, लेखी. दोन कुटुंबं सही न करता उठून गेली. तपासनीस आला तेव्हा कुणीतरी त्याच्या कानावर घातलं. त्याने शांतपणे सांगितलं की समजावणारी व्यक्ती तटस्थ हवी.

डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "तुमचं चूक आहे असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण हे असं चालणार नाही."

"मग मी मापं घेते फक्त," प्रेमला म्हणाली.

ट्रायलसाठी शेफाली नावाची मुलगी घेतली. क्लिनिकल रिसर्चचा डिप्लोमा केलेली, हुशार, मायाळू, लॅपटॉपवर भराभर टाइप करणारी. ती प्रत्येक पालकाला चाळीस मिनिटं देते आणि कागदाबाहेरचा एक शब्द बोलत नाही. प्रेमला शेजारच्या अंधाऱ्या खोलीत बसते. मुलाला खुर्चीत बसवते, हनुवटी टेकवायला सांगते, यंत्र लावते. आकडा आला की तीनदा पडताळते, सरासरी काढते, चिठ्ठीवर लिहिते आणि दार उघडून शेफालीच्या टेबलावर ठेवते. कधी एखादी आई दारातच अडवून विचारते, "मॅडम, वाढलाय का हो नंबर?"

"ते डॉक्टर सांगतील," प्रेमला म्हणते, आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारते.